तीच वाट, बारा महिने: घराजवळच्या भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराजवळच्या आडवाटांवर कधी पायी, कधी गाडीने हिंडायचा मला बऱ्याच वर्षांचा नाद आहे. ओळखीचे लोक त्याबद्दल फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. क्रमाला काही अर्थ नाही. हवा तो प्रश्न आधी वाचा.

तोच रस्ता पुन्हा पुन्हा काय बघायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीव असते. नव्या जागी नजर भिरभिरते. डोंगर, पाणी, एखादं भलंमोठं झाड, एवढं दिसतं आणि आपण परततो. त्या झाडाला यंदा पालवी लवकर फुटली की उशिरा, ओढा या दिवसांत असाच गढूळ असतो का, हे कळायला आधीचं काहीतरी डोक्यात असावं लागतं. ऋतू बदलला हे फरकावरूनच समजतं, आणि फरक दिसायचा तर निदान दोनदा बघायला हवं.

माझ्या नेहमीच्या वाटेवर एक वठलेलं झाड आहे. पहिली दोन वर्षं मी ते मेलं असंच धरून चाललो होतो. तिसऱ्या वर्षी ऐन उन्हात त्याच्या एकाच फांदीवर कोंब दिसले. ते आधीही येत असणार. मीच भलत्या पंधरवड्यात जात होतो.

तेव्हापासूनचा माझा बेत असा: एक चालायची वाट, एक गाडीची फेरी, आणि दर पंधरा दिवसांनी दोन्हींपैकी एक. वर्षाला सव्वीस फेऱ्या होतात. आजारपण, पाहुणे आणि आळस वजा जाता वीस उरल्या तरी पुष्कळ.

घराजवळ म्हणजे किती जवळ?

पायी असेल तर जाऊन-येऊन दोन-अडीच तास. गाडीने असेल तर एका बाजूने फार तर तासभर. त्यापुढे गेलं की ती सहल होते. सहलीला तयारी लागते, आणि तयारी लागली की ती पुढच्या रविवारवर जाते.

पायी चांगलं की गाडीने?

दोन्हींतून वेगवेगळं दिसतं, म्हणून मी भांडत बसत नाही. चालताना वारूळ दिसतं, कोळ्याचं जाळं दिसतं, बांधावरचं नखाएवढं फूल दिसतं. गाडीतून अख्खा उतार एका नजरेत येतो आणि कुठल्या बाजूचं रान आधी सुकलं ते कळतं. उत्तर गोलार्धात डोंगराच्या दक्षिण अंगाला ऊन जास्त मिळतं, त्यामुळे ती बाजू आधी कोरडी पडते. विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका हा फरक ठळक. हे पुस्तकात वाचून पटत नाही, गाडीतून वळसा घेतला की पटतं.

गाडीचा आणखी एक फायदा उंचीचा. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. म्हणून पायथ्याला ओसरलेला बहर माथ्याकडे अजून रंगात असू शकतो. मागच्या पंधरवड्यातलं काही हुकलं असेल तर चढाचा रस्ता धरा, ते वर सापडण्याची शक्यता असते.

मला स्वतःला गाडीने जाऊन, ती बाजूला लावून तासभर चालणं सगळ्यात आवडतं. फक्त गाडी वळणावर किंवा शेताच्या फाटकासमोर लावू नका, आणि वाळक्या गवतावर तर मुळीच नाही. गाडीच्या पोटाखालची धुराची नळी इतकी तापलेली असते की सुकं गवत पेटू शकतं.

किती वेळ लागेल हे आधी कसं काढायचं?

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून वापरात आहे: सपाटीला तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे ८ किलोमीटरच्या वाटेत एकूण ३०० मीटर चढ असेल तर दोन तास सहा मिनिटं. यात थांबणं धरलेलं नाही. ज्याला दर दहा पावलांवर काहीतरी निरखायचं असतं त्याने या आकड्याची दीडपट करावी, चिखल असेल तर दुप्पट.

सगळ्यात चांगला ऋतू कोणता?

दोन ऋतूंमधला सांधा. ऋतू एकदा नीट बसला की आठवडेच्या आठवडे सारखे जातात. बदल होतो तो मधल्या पंधरा-वीस दिवसांत, आणि नेमके त्याच दिवसांत लोक ‘हवा काही धड नाही’ म्हणून घरी बसतात.

पहिल्या पावसात मातीला वास का येतो? आणि तो लगेच जातो का?

या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये दिलं. आपल्याकडे मृद्गंध हा शब्द आहेच. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं माती-दगडांत मुरून राहतात, आणि मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. या जिओस्मिनला माणसाचं नाक कमालीचं हळवं आहे, अगदी लेशमात्र असलं तरी जाणवतं.

तो वास हवेत चढतो कसा, हे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं. थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की त्याच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि अतिसूक्ष्म तुषार उडवतात. हलक्या आणि मध्यम सरीत हे जास्त होतं, मुसळधार पावसात कमी. म्हणून वास हवा असेल तर पाऊस भुरभुरायला लागताच निघा. धो धो सुरू झाल्यावर बाहेर पडून फक्त भिजणं होतं.

पावसात बाहेर पडावं का? गाडी काढावी का?

पडावं. मात्र तीन गोष्टींत मी कुणाचं ऐकत नाही.

पहिली, वाहतं पाणी. रस्त्यावरून पाणी जात असेल आणि तळ दिसत नसेल तर गाडी मागे फिरवायची. जोराचं पाणी जेमतेम १५ सेंटिमीटर खोल असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलतं. ३० सेंटिमीटरला छोटी गाडी वाहून जाऊ शकते, ६० सेंटिमीटरला मोठ्या गाड्यांचंही खरं नाही. शिवाय पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय, ते वरून दिसत नाही. एकदा एका फरशीवरच्या पाण्यापुढे मी अर्धा तास उभा होतो. मागच्याने हॉर्न वाजवला, मग तोही उतरून पाण्याकडे बघत उभा राहिला. शेवटी दोघेही लांबच्या रस्त्याने गेलो.

दुसरी, वीज. चमक दिसली की सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या टापूत आहे, तेव्हा पक्क्या इमारतीत किंवा गाडीत शिरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. माळावरचं एकटं झाड ही आडोशाला सगळ्यात वाईट जागा. धातूच्या छताची, काचा बंद असलेली गाडी बरी. त्याचं श्रेय लोक टायरच्या रबराला देतात, पण वाचवतो तो पत्रा: वीज बाहेरच्या कवचावरून जमिनीत उतरते. दुचाकीला असं कवच नसतं.

तिसरी, वेग. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचं अंतर सांगतात, ओल्यावर चार. ताशी ८० किलोमीटर वेगाने चार सेकंद म्हणजे जवळपास ९० मीटर. एवढी जागा सोडली की कुणीतरी मध्ये घुसतोच. घुसू द्या, पुन्हा मागे राहा. बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पावसाची पहिली काही मिनिटं सर्वांत निसरडी असतात, कारण साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्त्यावर बुळबुळीत थर बसतो.

पायी जाणाऱ्याला एवढंच सांगेन: शेवाळलेल्या दगडावर पाय देण्यापेक्षा चिखलात द्या. चिखल बुटाला लागतो, दगड माकडहाडाला.

पानांचे रंग का बदलतात? कधी गेलं तर दिसतील?

पानातलं हरितद्रव्य सतत मोडत असतं आणि झाड ते सतत नव्याने बनवत असतं. समशीतोष्ण प्रदेशात दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की झाड हा कारखाना आवरतं घेतं. पानातला नायट्रोजन आणि इतर कामाची द्रव्यं फांदीत परत ओढली जातात, देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान सुटतं. हिरवा रंग ओसरला की आधीपासून तिथेच झाकलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड्स उघडी पडतात. लाल रंगाचं मात्र वेगळं आहे. अँथोसायनिन हे लाल द्रव्य बरीच झाडं त्या शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतात. निघून जायच्या पानावर एवढा खर्च कशासाठी, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत अजून वाद आहे, आणि मला तो वाद फार आवडतो.

यातून भटक्याला कामाची गोष्ट कळते. पिवळा रंग दरवर्षी साधारण ठरलेला, लाल मात्र हवेच्या मर्जीवर. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गार पण गोठवणारी नाही अशी हवा आठवडाभर टिकली की लाल खुलतो. एखादा वादळी वारा आला की सगळा खेळ दोन दिवसांत जमिनीवर.

जिथे थंडी फारशी पडत नाही पण कोरडा काळ मोठा असतो, तिथे पानगळीचं कारण पाणी. पानांतून सतत बाष्प जात राहतं, म्हणून झाड पानंच टाकून देतं. तिथला रंगाचा हंगाम पुष्कळदा दुसऱ्या टोकाला, म्हणजे पालवीच्या वेळी येतो. कोवळी पानं तांबूस, जांभळट, जवळजवळ किरमिजी असतात. तेच अँथोसायनिन, आता बाळपानांत. हा हंगाम जेमतेम आठ-दहा दिवसांचा असतो, आणि त्यासाठी कुणी गाडी काढत नाही याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

रंग बघायला सूर्याकडे तोंड करून चाला. उजेड पानातून आरपार आला की रंग पेटतो. ऊन पाठीशी असलं की तेच पान मातकट दिसतं. गाडी चालवणाऱ्याने नेमकं उलट करायचं: सकाळी पश्चिमेकडे जायचं, संध्याकाळी पूर्वेकडे, म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाही. समोरची काच आतूनही पुसा. तिरप्या उन्हात आतल्या धुळीचा पडदा होतो.

धुक्यात कधी आणि कसं जायचं?

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खोलगटात उतरते. म्हणून धुकं ओढ्याकाठी, तळ्याकाठी, दरीत साचतं आणि वरच्या माळावर लख्ख चांदणं असतं. उगवतीच्या सुमाराला ते बहुधा सर्वांत दाट असतं, मग ऊन जमीन तापवतं आणि ते विरत जातं. बघायचं असेल तर उंचावर जाऊन खाली बघा. आत शिरायचं असेल तर पायी शिरा.

गाडीतच असाल तर हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. वेग दिसण्याइतका. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढं अंतर संपतं. समोर तीस मीटर दिसत असताना ६० चा काटा म्हणजे डोळे मिटून चालवणं.

थंडीत टायरची हवाही बघत जा. तापमान ५–६ अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. पंक्चर नसतं, तरी लोक पंक्चरवाल्याकडे जातात.

कडक उन्हाळ्यात काय करायचं?

उजाडायच्या आधी निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. बस. त्या वेळेला हवा स्थिर असते, आवाज लांबून येतात, आणि विणीच्या दिवसांत पक्षी सगळ्यात जास्त याच वेळी गातात. तासाला अर्धा लिटर पाणी हा किमान हिशेब, तापलेल्या दिवशी जास्त.

उन्हात लावलेल्या बंद गाडीत मूल, म्हातारं माणूस किंवा जनावर दोन मिनिटंही ठेवू नका. तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून जास्त चढू शकतं, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवून जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

अंधार पडायला किती वेळ आहे हे घड्याळ-मोबाइलशिवाय कसं कळणार?

हात पुढे ताठ करून मूठ धरा. मूठ आकाशाचा साधारण दहा अंश भाग झाकते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, तेव्हा क्षितिज आणि सूर्य यांच्यात एक मूठ मावली तर सूर्यास्ताला चाळीसेक मिनिटं आहेत. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका सूर्य तिरपा उतरतो आणि थोडा जास्त वेळ मिळतो. संधिप्रकाशही तिथे लांबतो. विषुववृत्ताजवळ मात्र तिन्हीसांज विशेष रेंगाळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत पायवाट दिसेनाशी होते. डोंगराआड सूर्य गेला तर त्याहून आधी.

एक गंमत: उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय त्याच्या नंतर होतो. संध्याकाळी चालणाऱ्यांचे दिवस लवकर पालटतात. पहाटे चालणाऱ्यांनी जानेवारीत कुरकुर करायला हरकत नाही.

नोंदवही कशाला? फोटो काढले की झालं ना?

फोटोत आपण जे सुंदर दिसलं ते टिपतो. वहीत जे नव्हतं तेही लिहिता येतं: ‘आज एकही फुलपाखरू नाही’, ‘ओढा अजून कोरडा’. दहा वर्षांनी कामाला येतात त्या बहुतेक अशाच ओळी.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या गृहस्थाने १७३६ मध्ये आपल्याच वाडीतल्या वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली: पहिलं फूल, पहिलं पान, बेडकांचा पहिला आवाज, अशा सत्तावीस खुणा. त्याच्या घराण्याने हे १९५८ पर्यंत चालवलं. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा तर जुन्या रोजनिशांतून थेट नवव्या शतकापर्यंत मागे नेता आल्या आहेत. त्या नोंदींतला बहर अलीकडच्या काळात आधी-आधी सरकत चाललाय. ज्यांनी त्या तारखा लिहिल्या त्यांच्या डोक्यात हवामानबदल नव्हता, त्यांना फुलं बघायला कधी जायचं एवढंच हवं होतं.

तुमच्या वहीत तारीख, वेळ, आकाश, आणि पाच ओळी. सहावी ओळ सुचली तर लिहा, पण पाचांचा नेम मोडू नका. माझी पहिली वही कवितेच्या वळणाने गेली आणि चौथ्या महिन्यात बंद पडली.

झाडांची, पक्ष्यांची नावं येत नाहीत. मग?

स्वतः ठेवा. ‘खरबरीत खोडवाला’, ‘शेपटी हलव्या’. खरं नाव कधीतरी कळेल. कळल्यावर मात्र जुनं नाव खोडू नका, शेजारी नवं लिहा.

लोकांच्या शेतातून गेलं तर चालतं का?

विचारून. पेरलेल्या रानात पाऊल टाकायचं नाही, बांधाच्या कडेने जायचं. फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवा, बंद होतं तर मागे बंद करा. कुणी हाताने काम करत असेल तर थांबून दोन शब्द बोला. पुढच्या आठवड्यात पाऊस येईल का, हे त्या माणसाने माझ्यापेक्षा आधी ओळखलंय, कैक वेळा. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला, आणि आंधळ्या वळणावर तेवढ्यापुरती बाजू बदला.

मुलं कंटाळतात.

अंतरामुळे कंटाळतात, वाटेमुळे नाही. एक किलोमीटरला दोन तास लागू द्या. आणि संध्याकाळी रातकिडे मोजायला लावा. अमेरिकेतल्या एमोस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये दाखवलं की हवा गरम तशी रातकिड्यांची किरकिर जलद. तिथल्या एका जातीसाठी सूत्रच आहे: आठ सेकंदांतल्या किरकिरी मोजा, त्यात पाच मिळवा, सेल्सिअस तापमान आलं. दुसऱ्या जातीच्या किड्याला हे आकडे लागू पडत नाहीत, पण दोन-चार रात्री थर्मामीटर घेऊन बसलं तर मुलं आपल्या अंगणातल्या किड्याचं सूत्र स्वतः काढतात. आमच्याकडे त्यावरून भांडण झालं होतं, कारण दोघांचे आकडे जुळेनात. दोघं वेगवेगळे किडे मोजत होते.

साप, गोचिड्या, जळवा यांची भीती वाटते.

पायाखाली बघून चालणाऱ्याला साप बहुधा आधीच टाळून जातो. गवतात पाय जरा आपटत जा, दगडाच्या कपारीत हात घालू नका, आणि अंधारात टॉर्च लावा. गोचिड्यांसाठी फिक्या रंगाची पँट मोज्यांत खोचायची आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायचं. जळू चिकटली तर मीठ-काडीचे उद्योग न करता नखाने तिचं तोंड कडेने सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका.

भिजलेले बूट वाळवायचे कसे?

आतला तळ काढून वेगळा ठेवायचा, बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन-तीन तासांनी बदलायचे. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, चामडं तडकतं आणि तळव्याचा गोंद सुटतो. पंख्याखाली दीड दिवस लागतो. माझा एक जोड मी घाई करून बिघडवलाय. तो आता बागेत काम करताना वापरतो.